तीनशे फूट खाली उडालास, आता ते लिहायचं की नाही?

तुझा प्रश्न दोन तुकड्यांत आहे. दुसरा तुकडा तू घाबरत घाबरत अगदी शेवटी जोडलास, पण खरा प्रश्न तोच आहे.

फ्लोरिडात उड्डाण शिकून तू नागपूरला परत आलास. तिथे सकाळी विमान तपासायचं, हवामान बघायचं आणि निघायचं. इथे फ्लाइट प्लॅन, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर, हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर, टॉवरची परवानगी, मग कुठे पंखा फिरतो. तू विचारतोस, अमेरिका एवढी मोकळी आणि आपण एवढे आवळलेले, तर जास्त सुरक्षित कोण? आणि त्याखाली लिहिलंस की गेल्या महिन्यात टॉवरने क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब, 'वन झिरो झिरो वन' दिला, तू तो बरोबर परत म्हणून दाखवलास, पण अल्टिमीटरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, खिडकीत लावलास एक हजार अकरा. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडी वर. उतरलास तेव्हा काटा तेराशेच्या आसपास. म्हणजे सगळा वेळ तू समजत होतास त्यापेक्षा पावणेतीनशे-तीनशे फूट खाली होतास. कोणाच्या लक्षात आलं नाही. "काका, हे लिहून द्यायचं का? दिलं तर मी अडकेन का?"

मी जवळपास तीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रक होतो, त्यातली बरीच नागपूरला. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या लेखी एकच आहे, पण तिथपर्यंत जरा फिरून यावं लागेल.

आधी तुझी चूक. अमेरिकेत दाब इंचांत सांगतात, एकोणतीस पॉइंट ब्याण्णव वगैरे. आपल्याकडे हेक्टोपास्कल. एका हेक्टोपास्कलला साधारण अठ्ठावीस फूट, दहाची गल्लत म्हणजे दोनशे ऐंशी. त्यातून नागपूरचा उन्हाळा. मे-जूनमध्ये इथे दाब हजाराच्या आसपास येऊन बसतो, आणि ज्याचा हात सवयीने एक हजार दहा-तेराकडे जातो तो नेमका तिथे फसतो. तू एकटा नाहीस. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर एका एअरबस ३२० ला नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ सांगितलं. तुझेच आकडे, फक्त चूक रेडिओच्या दुसऱ्या टोकाला. ढग खाली, पाऊस, धावपट्टी दिसत नाही. वैमानिकांनी वेळेत पुन्हा वर उचललं, पण त्याआधी ते विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून सहा फुटांवर आलं होतं. फ्रान्सच्या तपास संस्थेने काही आठवड्यांतच प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. सगळे वाचले होते, कोणाला खरचटलंही नव्हतं, तरीही. जगभरच्या नियंत्रकांनी तो वाचला, निवृत्त असून मीही वाचला. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता देशादेशांतला फरक. मूळ पोथी सगळ्यांची एकच आहे. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, उभी राहिली आणि तिची परिशिष्टं आपणही मानतो, अमेरिकाही मानते. 'ए'पासून 'जी'पर्यंत आकाशाचे वर्ग ठरलेले. पण कोणता देश कोणतं आकाश कोणत्या वर्गात टाकतो आणि त्या वर्गात वैमानिकाच्या डोळ्यांवर किती भिस्त ठेवतो, तिथे प्रत्येक देशाचा स्वभाव दिसतो.

अमेरिकेत अठरा हजार फुटांच्या खाली, मोठी विमानतळं सोडली तर, तुला कोणी विचारत नाही. सार्वजनिक वापराची सुमारे पाच हजार विमानतळं आणि टॉवर असलेली त्यातली जेमतेम दहावा हिस्सा. बाकी ठिकाणी आपापली जागा रेडिओवर सांगत लोक उतरतात. अठरा हजारांच्या वर मात्र एक फूटही नियंत्रकाशिवाय हलता येत नाही. ही तिथली कडक बाजू तुला शिकताना फारशी दिसली नसेल. ती रक्ताने लिहिलेली आहे. ३० जून १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली, १२८ माणसं गेली. दोन्ही विमानं एकवीस हजार फुटांवर होती, आणि नियमाप्रमाणे 'बघा आणि टाळा' हीच दोघांची जबाबदारी होती. दोन वर्षांत, १९५८ साली, तिथे नवा कायदा आणि आजच्या एफएएची, म्हणजे तिथल्या हवाई नियामक संस्थेची, स्थापना झाली. मोकळीक खाली ठेवली, वरचं आकाश बांधून टाकलं.

आपला स्वभाव उलट्या टोकाकडून आलेला आहे. आपल्याकडे आकाश आधी संरक्षणाचं, मग वाहतुकीचं. एडीसी नंबर हा हवाई दलाला ओळख पटावी म्हणून आहे. रडारवर दिसणारा ठिपका आपला की परका, हे सांगणारा कागद. डोळ्यांनी उडणाऱ्याला सूर्यास्तानंतर विमानतळाच्या परिसराबाहेर जाता येत नाही, पंधरा हजार फुटांच्या वर जाता येत नाही. शेजार बघितला तर हे मला अन्यायाचं वाटत नाही. पण वैमानिकाची मोकळीक आवळली म्हणून टक्कर टळते, असा अर्थ त्यातून काढू नकोस. ओळख पटणं वेगळं आणि अंतर राखणं वेगळं.

याचा सर्वात मोठा पुरावा आपल्याच घरातला आहे. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून चढणारं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे उतरणारं कझाकस्तानचं इल्यूशिन ७६. एकाला चौदा हजार, दुसऱ्याला पंधरा हजार फूट. कझाक विमान चौदाच्या खाली आलं. ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरीत एवढी माणसं आजवर दुसऱ्या कुठल्याही अपघातात गेलेली नाहीत. चूक विमानात झाली, पण त्या वेळी दिल्लीला येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून नेली जात होती, कारण आजूबाजूचं आकाश हवाई दलाचं होतं. रडारला उंची दिसत नव्हती, नियंत्रकाला वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानावी लागे. मी तेव्हा नोकरीत होतो. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो तर खोलीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या स्ट्रिपवरची, म्हणजे विमानाची माहिती लिहिलेल्या पट्टीवरची, उंची दोनदा वाचत होता.

त्यानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं दुय्यम रडार आलं, आणि टक्कर टाळणारं यंत्र, टीकॅस, भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना सक्तीचं झालं. लष्कर आणि नागरी वाहतूक यांनी आकाश वाटून वापरण्याची व्यवस्थाही पुढे आली, पण सावकाश. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं की आपलं फक्त ६० टक्के आकाश मोकळेपणाने वापरता येतं, आणि बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे १००० कोटी रुपये वाचतील. चरखी दादरीनंतर चोवीस वर्षांनी. चीनमध्ये ही वाटणी आणखी लष्कराकडे झुकलेली आहे. तिथली उंची अजूनही मीटरमध्ये, त्यामुळे सीमा ओलांडताना वैमानिकाला तक्ता बघून पातळी बदलावी लागते. रशियाने २०११ मध्ये वरच्या आकाशात फूट स्वीकारले.

युरोपचं दुखणं तिसरंच. देश लहान, सीमा जवळ, दर वीस मिनिटांनी नवा नियंत्रक. त्यावर त्यांनी काढलेला एक उपाय मला मनापासून आवडतो. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांचं साडेचोवीस हजार फुटांवरचं आकाश मास्ट्रिख्टच्या एकाच केंद्रातून चालतं. चार देशांचं वरचं आकाश, खोली एक. हे नागपूरकराला मुद्दाम सांगतोय. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांनी विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, पिशव्यांची अदलाबदल करून परत जायची. आजही मुंबई-कोलकाता आणि दिल्ली-चेन्नई या वाटा आपल्याच डोक्यावर एकमेकींना छेदतात. सध्या देशाचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार मुख्य विभागांत वाटलेलं आहे. ते जोडून नागपुरातून चालवायचं, अशा 'ईशान' नावाच्या प्रकल्पासाठी विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये प्रस्ताव मागवले. व्हायला हवं. आमच्या धंद्यात बऱ्याच चुका हद्दीवर होतात, एकाने दिलं असं वाटतं आणि दुसऱ्याला मिळालेलं नसतं.

मघाशी डोळ्यांवरच्या भिस्तीचं म्हटलं, ते पूर्ण करतो. अमेरिकेतला टॉवर 'समोरचं विमान दिसतंय का?' विचारतो, तू 'दिसतंय' म्हणालास की अंतर राखायचं काम तुझं. पुढचं विमान अजून आकाशात असताना मागच्याला उतरायची परवानगीही तो देऊन टाकतो. इकाओच्या रीतीने पुढच्या विमानाने धावपट्टीचा उंबरठा ओलांडेपर्यंत मागच्याला ती देता येत नाही, आणि आम्ही तसंच शिकलो. अमेरिकी पद्धतीने तासाला जास्त विमानं उतरतात, यात वाद नाही. पण २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनला काय झालं बघ. लष्कराच्या हेलिकॉप्टरने 'विमान दिसतंय, अंतर आम्ही राखतो' असं सांगितलं, परवानगी मिळाली, आणि ते उतरणाऱ्या प्रवासी विमानावर आदळलं. ६७ माणसं गेली. हेलिकॉप्टरच्या वाटेची कमाल उंची दोनशे फूट, आणि त्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची वाट त्याच्यावरून, काही ठिकाणी मधली फट फक्त पंचाहत्तर फुटांची. एवढी फट राखायची तर तुझ्यासारखी तीनशे फुटांची गल्लत सोड, साध्या अल्टिमीटरचा नेहमीचा फरकही ती मिटवायला पुरतो. तपासात निघालं की ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथे हेलिकॉप्टर आणि विमानं एकमेकांच्या बरीच जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. नोंदी पडून होत्या. त्या वाचून वाट हलवणं कोणी केलं नाही.

म्हणजे मोकळ्या देशात माणसं मेली आणि आवळलेल्या देशातही मेली. म्हणून नियम सैल की कडक, या मापाने मी देश मोजत नाही. मी बघतो की ज्याची चूक झाली आणि ज्याने ती सांगितली त्याचं पुढे काय होतं, आणि त्याने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत किती लवकर पोचतं.

१ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगराला धडकलं, ९२ माणसं गेली. 'उतरणीला मोकळीक' या शब्दांचा अर्थ नियंत्रकाच्या मनात एक, वैमानिकाच्या मनात दुसरा. तपासात कळलं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच वाटेवर, त्याच गैरसमजाने, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीला कळायचा मार्गच नव्हता. यातून १९७६ मध्ये एएसआरएस, म्हणजे आपली चूक आपणच कळवायची व्यवस्था, उभी राहिली. ती एफएएकडे न देता नासाकडे दिली, कारण दंड करणाऱ्याच्या हातात कोण आपली चूक लिहून देईल? दहा दिवसांत लिहिलंस, चूक मुद्दाम केलेली नसली आणि त्यात गुन्हा नसला, तर दंड माफ. नाव कापून तुझं तुला परत. आजवर वीस लाखांच्या वर अहवाल तिथे आलेत. तू लिहिलंस ना, फ्लोरिडात न बोलता टॉवरच्या हद्दीत शिरलास तेव्हा तुझ्या शिक्षकाने हसत तोच फॉर्म पुढे केला. ते हसू त्या देशाने बऱ्याच जिवांच्या मोलाने कमावलेलं आहे.

ब्रिटनमध्ये एअरप्रॉक्स बोर्ड आहे. नागरी असो की लष्करी, दोन विमानं जवळ आली की प्रकरण तिथे जातं, आणि नावांशिवाय सगळं छापून येतं.

जपानकडे वळ. ३१ जानेवारी २००१ ला सुरुगा उपसागरावर दोन जपानी विमानं जेमतेम चुकली. शिकाऊ नियंत्रकाने एका विमानाच्या जागी दुसऱ्याचं नाव घेतलं. टीकॅस म्हणत होतं वर जा, नियंत्रक म्हणाला खाली ये, वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं. शंभरएक जखमी, मेलं कोणी नाही. 'यंत्र आणि माणूस यांत वाद झाला तर ऐकायचं कोणाचं?' हा प्रश्न त्या दिवशी जगासमोर आला, पण त्याचं पक्कं उत्तर सगळ्या देशांच्या पुस्तकांत लगेच गेलं नाही. सतरा महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीत युबरलिंगेनवर रशियन टुपोलेव्ह आणि मालवाहू बोइंग ७५७ आदळले. तेच. यंत्र वर म्हणत होतं, झ्युरिकचा एकटा नियंत्रक खाली म्हणाला, रशियन वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं, कारण त्यांच्याकडच्या सूचना नियंत्रकाला वरचढ मानत होत्या. ७१ माणसं गेली, त्यात बरीच शाळकरी मुलं. यानंतर यंत्राचंच ऐकायचं, हे निःसंदिग्ध शब्दांत आलं. आणि जपानने त्या शिकाऊ नियंत्रकावर आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या नियंत्रकावर फौजदारी खटला चालवला, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. मला त्या शिक्षेने आजही अस्वस्थ वाटतं. शिकाऊ माणूस खुर्चीत होता, यंत्राने कोणत्या विमानाला काय सांगितलं हे त्याच्या पडद्यावर दिसत नव्हतं. तुरुंगाची भीती घालून त्याच्या जिभेवरचं चुकीचं नाव कसं थांबवणार?

आता माझं. एका केंद्रावर होतो, नाव सांगत नाही. रात्रीची ड्युटी. पूर्वेकडे जाणाऱ्या एका विमानाला मी तीनशे दहा पातळी, म्हणजे एकतीस हजार फूट, दिली, वैमानिकाने परत म्हटलं तीनशे तीस, आणि मला तीनशे दहाच ऐकू आलं. आपण जे बोललो तेच कानाला ऐकू येतं. समोरून तीनशे वीसवर दुसरं विमान येत होतं. पडद्यावर एकतीस हजार चारशे दिसलं तेव्हा पोटात खड्डा पडला. वळवलं, निभावलं. पहाटे मी स्वतः बसून सगळं लिहून दिलं. तीन महिने मला माइकपासून दूर ठेवलं, पुन्हा परीक्षा, फाईलवर शेरा. ते सगळं मी समजू शकलो. जे विसरता येत नाही ते चहाच्या टेबलावरचं. एक ज्येष्ठ सहकारी प्रेमाने म्हणाला, "लिहिलंस कशाला? माझ्याकडेही मागच्या महिन्यात याच दोन पातळ्यांचा असाच घोळ झाला होता. कोणाला कळलं नाही." त्याने लिहिलं असतं तर मी त्या रात्री सावध असतो. मी लिहिल्यावर माझं काय झालं ते बघून पुढे वर्षभर त्या खोलीत कोणी काही लिहिलं नाही.

कागदावर आपण आज बरेच पुढे आलो आहोत. २०१२ मध्ये अपघात तपासासाठी वेगळी संस्था, एएआयबी, झाली. आधी डीजीसीए, म्हणजे आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नियमही करायचं आणि तपासही. अर्थात ती संस्था आजही मंत्रालयाखालीच आहे, अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळासारखी स्वतंत्र नाही. २०१४ मध्ये एफएएने आपला हवाई सुरक्षेचा दर्जा खाली आणला होता, पुढच्या वर्षी तो परत मिळाला, आणि इकाओच्या २०२२ च्या सुरक्षा तपासणीत आपल्याला ८५.६५ टक्के मिळाले. हे आकडे बनवाबनवीने येत नाहीत, त्यामागे माणसांची मेहनत आहे. पण चहाच्या टेबलावर काय बोललं जातं, ते कुठल्याच तपासणीत मोजलं जात नाही.

तर लिही. डीजीसीएकडे ऐच्छिक अहवालाची सोय आहे, तुझ्या शाळेचा सेफ्टी ऑफिसरही आहे. आधी त्याच्याशी समोरासमोर बोल, मग त्याच्याकडे लेखी दे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. घोळवू नकोस, माफी मागत बसू नकोस. टॉवरने काय सांगितलं, तू काय म्हटलंस, काय लावलंस, कधी लक्षात आलं, एवढंच. इंचांची सवय होती हे जरूर लिही, कारण अमेरिकेत शिकून येणारी मुलं दर वर्षी येतात आणि त्यांना पहिल्या दिवशी हे सांगायला हवं. अडकशील का, याची हमी मी देऊ शकत नाही, मी स्वतः तीन महिने बाहेर बसलो आहे. तरीही परत तशी रात्र आली तर मी लिहीन.

आणि तोवर एक सवय लाव. निघण्याआधी, विमान जमिनीवर उभं असताना, क्यूएनएच लावलास की काट्याकडे बघ. सोनेगावला तो हजाराच्या थोडा वर दिसायलाच हवा. तेराशे दिसला तर चाक हलवू नकोस, टॉवरला विचार, "से अगेन क्यूएनएच."